नावाले वीस घरं

७ नोव्हेंबर १९६९
कापलंच ना परत माझं नाव! सहा महिने सांगून राह्यलो. पगाराच्या चिठ्ठीवर ‘निवृत्ती वामनराव’ पूर्ण, अन् खंडागळेची फक्त पहिली दोन इंग्रजी अक्षरं. तिकडं हिवरा आश्रम गावचे माझे होणारे सासरे उकंडराव म्हणतात, पूर्ण नावाची चिठ्ठी दाखवा, मगच आमच्या मनकर्णाचा साखरपुडा. मी काय लहान माणूस आहो? पिंपरीच्या कारखान्यात, कम्प्युटर खात्यात! (कार्डांचे ट्रे उचलतो. पण खातं तेच.)

८ नोव्हेंबर
सिंधूताई मशीनवर कार्डाले भोकं पाडतात, तेच लिहिणं. म्हणे, नावाले वीस घरं, एका घरात एक अक्षर. मधली मोकळी जागाही एक घर खाते. पुढचं कापलं जातं. वडलांचं नाव काढू का, म्हणे. म्हटलं, मंग वडीलच मले घरातून काढतील.
ठरलं. पंचिंग स्वतः शिकायचं. दोन दिवस बस्स.

१३ नोव्हेंबर
शिकलो. म्हणजे ताईंची बोटं पाह्यली. पेटी वाजवण्यासारखंच हाये. (पेटी येत नाही.)

२० नोव्हेंबर, दुपार
ताई जेवायले गेल्या. माझं कार्ड मीच केलं. खंडागळे शेवटच्या अक्षरापर्यंत! हात बसलाच होता, म्हणून पुढं ‘साहेब’ही जोडलं. पगाराचा आकडा त्याच्यामागं सरकवला. जुनं कार्ड फाडलं.
उकंडरावांले पत्र टाकलं: चिठ्ठी येऊन राह्यली, साखरपुड्याले शंभर रुपयेही पाठवतो.
खोलीतला दयाराम म्हणे, काऊन बे, तुले कोणी हात लावू देला मशीनले? जळते बिचारा.

७ डिसेंबर
चिठ्ठी आली. नाव तिथंच तुटलेलं. पगार शून्य.
ताईंना हसू आवरेना. म्हणे, एकविसाव्या घरापासून पगार असतो हो. तिथं मशीनला तुमचं उरलेलं आडनाव सापडलं. ‘साहेब’ म्हणजे किती रुपये, ते त्याला कळेना.
शंकरराव सुपरवायझर म्हणाले, पगार आता पुढच्या महिन्यात. परत कार्ड केलं तर झाडूखात्यात.
मशीनच कच्चं हाये, दुसरं काय.

९ डिसेंबर
उकंडरावांचं पत्र. साखरपुडा रविवारी पक्का. चिठ्ठीचं राहू द्या, म्हणे, शंभर आले की माणूस कोण ते समजतेच.
दयारामले उसने मागितले, तर त्यानं खिसा झाडला. घ्या साहेब, म्हणे. मुद्दाम मोठ्यानं.
मनिऑर्डरच्या फॉर्मवर पूर्ण नाव लिहिलं, साहेबासकट. पोस्टातल्या बाबूनं एक अक्षर कापलं नाही.
रक्कम: रुपये अकरा.