धोंड्याचे तेहतीस मासे

सांगली,
२ जुलै १९९६

चि. पुष्करराव यांना सांगलीहून मधुअण्णांचे अनेक आशीर्वाद. तुमची प्रकृती उत्तम असेल, कॉलेज सुरू झालं असेल, मातोश्रींच्या गुडघ्याला कराडच्या पावसाचा त्रास होत नसेल, असं धरून चालतो. (धरून चालतो, कारण अडीच महिन्यांत तुमच्याकडून दोन ओळीही आल्या नाहीत. ही तक्रार नाही. तक्रार मी वेगळ्या कागदावर लिहिली होती, ती क्षमाच्या आईने फाडली.) इकडे सर्व ठीक. क्षमाही ठीक आहे. जेवते, वाचते, आणि तुमचं नाव निघालं की वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर जाते. या दिवसांत गच्चीवर कपडे नसतात.

मुद्द्यावर येतो. सध्या अधिक आषाढ चालू आहे आणि येत्या पंधरा तारखेला, सोमवारच्या अमावास्येला, तो संपतो. तुमचा हा लग्नानंतरचा पहिला धोंडा. जावयाला वाण द्यायचं ते लेक-जावयाला शेजारी-शेजारी पाटावर बसवून, लक्ष्मीनारायणाचा जोडा म्हणून. हुकला तर पुढचा थेट तीन वर्षांनी. आणि आमची लक्ष्मी एप्रिलपासून इथेच आहे. मला घास गोड लागत नाही, पुष्करराव. तुम्ही परीक्षेच्या कामाला परगावी गेलात, हिने तुमच्या फायटर माशाची टाकी साबणाने घासून लख्ख केली आणि मासा गेला, इतपत मला माहीत आहे. परत आल्यावर तुम्ही काय बोललात ते तिने आम्हाला सांगितलेलं नाही. (मासा साबणाने मरतो हे मला साठाव्या वर्षी कळलं, तिला चोविसाव्या. यात मी तिचीच सरशी मानतो.) म्हणून ठरवलं, यंदा वाणात चांदीचं ताट नाही, मासाच द्यायचा, टाकीसकट. जिथे उसवलं तिथेच टाका घालावा, असा माझा विचार.

क्षमाच्या आईची अट सुरुवातीला एकच होती. धोंड्याचे अनारसे तेहतीस, दिवे तेहतीस, मग मासेही तेहतीसच हवेत. फायटर एकटाच राहतो म्हटलं, तर एकट्याचं वाण देतात का कुणी, जोडी आणा. शिवाय वाण जाळीदार लागतं. (टाकीबरोबर मासे धरायची जाळी फुकट मिळाली, तो प्रश्न तिथे मिटला.) माधवनगर रस्त्याला बाळासो म्हणून एक मासेवाला आहे, त्याच्यासमोर मी यादी ठेवली: टाकी दोन फुटी, फायटर दोन, किरकोळ रंगीत एकतीस. यादी वाचून तो म्हणाला, "काका, मासं पाळायचं हाय का लोणचं घालायचं हाय?" मी गिरणीच्या स्टोअरमध्ये बत्तीस वर्षं काढली. कुठल्या खोक्यात किती बॉबिन मावतात ते विचारायला माणसं माझ्याकडे यायची. मी त्याला तसं सुनावलं. निदान फायटरची मादी द्या म्हटलं, तर म्हणे मादी शिल्लक नाही, आणि असली तरी हा गडी तिलाही हाकलतो. हे घरी सांगितलं, तर जोडी म्हणजे जोडी म्हणत क्षमाच्या आईने मला परत दुकानात पिटाळलं. शेवटी दोन्ही नरच आणले, एक निळा, एक लाल.

पाण्याचं वेगळंच. नळाला सध्या कृष्णेचं गढूळ पाणी येतं. दोन दिवस उघडं ठेवा, गाळ बसू द्या, औषधाचा वास जाऊ द्या, असं बाळासोने बजावलं. म्हणून घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवलं आणि दोन दिवस आम्ही तिघं आंघोळीला शेजारी. (शेजारी आता बोलत नाहीत.)

शुक्रवारी मासे सोडले. पाचेक मिनिटं अगदी गोकुळ. मग निळ्याने लालला पाहिलं. बोटाएवढा जीव, पण कल्ले फुगवून असा उभा राहिला की मीच मागे सरलो. लालही हटेना. बघता बघता कुणाच्या तरी शेपटीची चिंधी तरंगायला लागली. क्षमाची आई देवापुढे जाऊन बसली. मी जाळी घातली तर जाळीत भलतेच दोन आले. हात घातला तर दोघंही माझ्या बोटावर. इथेही एक मेला, तर पोरगी पाटावर कसली बसते? भिंतीवरचा तुमच्या लग्नाचा फोटो उतरवला, काच काढली आणि टाकीत मधोमध उभी घातली. रुंदीला तंतोतंत बसली. (नुसत्या नजरेने माप. बाळासोला सांगायला हवं.) तेव्हापासून इकडे लाल, तिकडे निळा, दिवसभर काचेला तोंड लावून एकमेकांना शिव्या मोजतात. पण जिवंत आहेत, जेवताहेत. फोटोवर धूळ बसू नये म्हणून टॉवेल टाकला आहे.

क्षमा मात्र टाकीकडे ढुंकूनही बघत नाही. तिची आई रोज सकाळी मासे मोजते. तेहतीस भरले की मला चहा मिळतो. असे अजून बारा दिवस काढायचे आहेत. तेव्हा रविवारी, चौदा तारखेला, सकाळच्या एसटीने मातोश्रींना घेऊन यावं. येताय की नाही तेवढं एका कार्डावर कळवा, माझ्या जिवाला घोर लागून राहिलाय.

तुमचा,
मधुअण्णा

ता. क. मासे तुम्ही नाही नेलेत तरी चालतील. मुलगी न्या. पण आधी जे काय बोललात ते मागे घ्या. ते काय होतं मला माहीत नाही, पण ती ते अजून रोज ऐकते, हे बापाला दिसतं. एवढंच मागणं. रागावू नका. रागावलात तरी या.

ता. क. दुसरा. हे पत्र क्षमाच्या नकळत लिहिलं आहे. पेटीत टाकायला मात्र तिच्याकडेच देतोय, चिखलात माझा पाय घसरतो. ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही, तसं वळण आहे आमच्याकडे.

पुढचं मी लिहितेय, क्षमा. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. विसरले की मुद्दाम, ते बाबांनाच ठाऊक. मासे तेहतीस नाहीत, सोळा आहेत. बाकीचे मी कालच बाळासोंना परत देऊन आले, दोन फुटांत तेवढे जगले नसते. आई मोजते तेव्हा मासे हलत असतात, म्हणून तिचे भरतात. तिला कळवू नका. आणि रविवारी नको, शनिवारी या, एकटे. रविवारी चार माणसांत काही बोलता येणार नाही. एप्रिलमध्ये तुम्ही बोललात आणि मी उत्तर न देताच निघून आले. ते उत्तर अजून माझ्याजवळच आहे, आणि लांबलचक आहे. सगळं ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. मग मी पाटावर बसेन.