पोई गोल फिरते, असं हुइयाचं म्हणणं

सोमवार, ४ मार्च. वेलिंग्टन. वारा नेहमीचाच.
शुक्रवारी दिग्दर्शकबाई आमचा पोईचा शॉट बघणार. पसंत पडला की रेंडरिंगचा, म्हणजे संगणकावर चित्र उमटवण्याच्या कामाचा, प्रमुख मी. आमचा सुपरवायझर लिओटा तसं स्पष्ट बोललेला नाही, पण परवा त्याने बिस्किटांचा डबा आधी माझ्यापुढे केला.
शॉटमध्ये बारा माओरी बायका नाचताना पोई, म्हणजे दोरीला बांधलेले पांढरे गोळे, गरागरा फिरवतात. कॅमेऱ्याचं शटर उघडं असताना गोळा जेवढा सरकतो तेवढा पुसट दिसला पाहिजे. हा पुसटपणा माझ्या हातचा. शटर उघडताना गोळा कुठे, मिटताना कुठे, एवढंच बघायचं. मधे सरळ रेघ. संगणकातले प्रकाशाचे किरण त्या रेघेवर सोडायचे. सुटसुटीत.

मंगळवार
शेजारच्या टेबलावरची हुइया म्हणाली, क्लाइव्ह, अरे पोई गोल फिरते, तुझी कोपऱ्याकोपऱ्याने चाललीय. दोरीपण मधेच आखडते बघ. (हिला किरण सोडायला मी शिकवलं!) सांगितलं, सेकंदाच्या चोविसाव्या भागात कोपरे दिसायला घारीची नजर लागते. तर म्हणे, पाच वर्षांची होते तेव्हापासून पोई फिरवतेय, माझ्या मावशीला डोळे मिटूनसुद्धा कळेल. मावशी दिग्दर्शक नाही, हे मी नम्रपणे लक्षात आणून दिलं.

बुधवार
पुन्हा तेच. शटर उघडं असताना मधल्या आठ जागा घे, रेघ आपोआप वळेल, म्हणे. आणि वेळ किती जाईल? मी शांतपणे म्हणालो, एवढी हौस असेल तर कर तुझ्या मशीनवर. (कप फुटला, पण तो आधीच तडकलेला होता.)
संकल्प: रागवायचं नाही.

गुरुवार, दुपारी ४
दगा!
लिओटाच्या पडद्यावर पोई फिरत होती. गोल. शेजारी हुइया. लिओटा म्हणाला, ये ये, बघ काय झक्कास झालंय. मी विचारलं, माझ्या पाठीमागे? हुइया म्हणाली, पाठीमागे कसलं? तूच म्हणालास कर म्हणून. सकाळपासून तीनदा हाका मारल्या, तू हेडफोन काढशील तर ना!
हेडफोन लावलेल्या माणसाला गाठणं म्हणजे पाठीमागूनच झालं. फार वाईट वाटलं. चार वर्षं हिच्यासाठी रोज कॉफी आणली. काही दिवस तिने आणली असेल.

शुक्रवार, सकाळी
ठरलं. दोन्ही शेजारीशेजारी दाखवायचे. बाई जाणकार आहेत, माझंच उचलतील.

शुक्रवार, ३.१०
डावीकडे माझं होतं. बाई म्हणाल्या, या बायका विटा का फिरवतायत?
सगळ्यात आधी लिओटा हसला. हे मी विसरणार नाही.

सोमवार, ११ मार्च
हुइया प्रमुख झाली. केक होता. मी खाल्ला नाही, म्हणजे एकच तुकडा.
नंतर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, क्लाइव्ह, राग धरू नकोस हं, तुझ्यासाठी निवांत काम काढून ठेवलंय. धरणाची भिंत. अख्ख्या शॉटमध्ये काहीही हलत नाही.
मी विचारलं, निदान वरचे ढग?
ढग दुसऱ्याला दिलेत.