कप कोण विसळणार

११ जानेवारी, रविवार. नांदेड

"नामदेव, तुझा कप तूच विसळून ठेव."

मी नऊ वर्षांची असेन. मुरुडच्या ऑफिसात बाबांची वाट बघत बाकावर बसले होते. बोलले ते भाऊसाहेब, तिथले हेडक्लार्क. रागानं नाही, खिडकी लावून घे म्हणावं, तसं. बाकी सगळ्यांचे कप शिपाई धुवायचा. बाबांचा कप खिडकीत, एकटा.

आज सकाळी त्याच भाऊसाहेबांचा लातूरहून फोन. महिन्यातला तिसरा. "नामदेव, एकदा चहाला ये रे घरी. आता माझं काही खरं न्हाई." बाबा म्हणाले, "बघू." फोन ठेवला. चहा संपवला. उठून कप विसळला. वय ७९. मी धुते म्हटलं तर देत नाहीत. आता म्हणायचंही सोडलंय.

चाळीस पेपर तपासायचे राहिलेत. गुडघा दुखतोय. लिहायला घेतलेली कथा तिथंच अडकलेली.

१५ जाने., गुरु.

शेजारच्या लक्ष्मीमावशी विहारातून परस्पर आमच्याकडे. रविवारी कुणी जपानी बाई येणार, त्यांच्याकडचा चहाचा विधी करून दाखवणार. "तू लिहिणारी हाइस, तुला पुढं बसवू." म्हटलं, मावशी, एकच रविवार मिळतो मला. "मग झोपून काढ. झोप काय, मेल्यावर हायेच."

जावं लागणार.

१८ जाने., रवि. संध्याकाळ

हे नीट लिहायचंय, पण दमलेय.

विहाराचा वरचा हॉल. सतरंजीवर आम्ही सहाजणी. हारुकोबाई साठीच्या, बारीक चणीच्या. मराठी येत नाही. सोबतची मुलगी सांगायची. आधी एक गोड वडी. मग हिरवी पूड, गरम पाणी, बांबूची छोटी रवी. जाड मातीचा एकच वाडगा. एकीनं प्यायचं, परत द्यायचा, बाई तो धुणार, पुसणार, दुसरीसाठी पुन्हा घुसळणार. घाई अजिबात नाही. मावशींनी पहिला घोट घेतला आणि माझ्या कानात, "साखर इसरली का काय गं ही?" मला हसू आवरेना. बाईंना कळलं असावं, त्याही हसल्या.

माझी पाळी पाचवी. चव कोवळा पाला चावल्यासारखी, मागाहून बरी लागणारी. प्यायले. आणि वाडगा घेऊन उठले. सरळ जिन्याजवळच्या नळाकडे चालू लागले.

चौघींचा वाडगा त्यांनी धुतलेला मी बघितला होता. तरी.

मावशी ओरडल्या, "अगं कुठं निघालीस?" मी मधेच उभी. हारुकोबाई उठून माझ्यापर्यंत आल्या. दोन्ही हातांनी वाडगा घेतला, वाकल्या, जागेवर जाऊन बसल्या. पाणी ओतलं, फिरवलं, सांडलं. पांढऱ्या फडक्यानं कड पुसली. सगळ्यांदेखत. माझं उष्टं.

मला कुणी कधी कप विसळायला सांगितलेलं नाही. कॉलेजात नाही, मैत्रिणींकडे नाही. तरी कुणाकडेही चहा झाला की मी कप घेऊन आत जाते. 'किती कामसू' म्हणतात. मलाही तेच वाटायचं.

१९ जाने., सोम.

बाबांना सांगितलं. पेपर वाचत होते, खाली ठेवला.

"तिनं धुतला?"

हो.

"सगळ्यांसमोर?"

हो, बाबा.

मग जेवताना पुन्हा, "तिनंच धुतला म्हणतीस?"

२२ जाने., गुरु.

पुन्हा फोन. पुन्हा 'बघू'. आज मला राहवलं नाही. म्हटलं, जायचं नसेल तर एकदा स्पष्ट सांगून टाका त्यांना. अजून राग आहे ना?

"राग कशाचा माय. म्हातारा झाला तो, वॉकर धरून चालून राहिला. मला बी भेटू वाटतं. तीस वर्षं एका खोलीत काढली."

मग?

त्यांनी कपातला चहा संपवला.

"तिथं गेलो की चहा येनार. पिला की मी उठनार. तुझ्यावानीच. ठरवून बसलो तरी पाय उठतेत गं. अन् त्याच्या सुना-नातवांसमोर मला उठायचं न्हाई."

एवढं बोलून कप घेऊन उठले. नळ सुरू झाल्याचा आवाज. मी पेपरांवर मान घातली. एकही तपासला नाही.

इतकी वर्षं मी समजत होते, माफ करायचं नाही म्हणून जात नाहीत.

२४ जाने., शनि.

मावशी म्हणतात, "नेऊन सोड अन् ये, दोघं म्हातारे बघून घेतील." सोपं आहे. पण उठणारे पाय मी पाहिलेत, माझेच.

भाऊसाहेबांकडे मी जे मागणार आहे ते बरं की वाईट, कळत नाही. आजारी माणूस. उभं राहायला वॉकर लागतो. कदाचित ते वाक्य त्यांना आठवतही नसेल. आठवत असेल तर इतके फोन कशाला? की म्हणूनच?

२५ जाने., रवि.

बाबा विहारात गेलेत, अकरापर्यंत येतील. त्याआधी लातूरला फोन करते. बाबांना सांगितलेलं नाही. काय बोलायचं ते इथं लिहून ठेवते, नाहीतर ऐनवेळी 'तब्येत कशी आहे' विचारून ठेवून देईन. भाऊसाहेब चिडतील, किंवा हसून सुनेचं नाव सांगतील, ती करील म्हणतील. नाहीच म्हणणार ते. तरी:

काका, बाबांना घेऊन येते. चहा तुमच्या सुनेनं केला तरी चालेल. फक्त बाबांचा पिऊन झाला की ते उठायच्या आत त्यांच्या हातातून कप तुम्ही घ्याल का? पाणी तांब्यात मी जवळ आणून ठेवीन, तुम्हाला उठायला लागणार नाही. बसल्या जागीच, त्यांच्यासमोर, तेवढा विसळाल का?