हस्त बार

८ फेब्रुवारी
नोकरीचा पहिला दिवस. जागा सावेडीत, खाली मोबाईलचं दुकान, वर आम्ही. रंग अजून ओला, टेबलं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. मालकीण रेवतीताई (पुढे रे.ता. लिहीन, हात दुखतो). मूळच्या नगरच्या, गोव्याच्या हॉटेलांत बरीच वर्षं काढून परत आल्या. म्हणाल्या, मला सिरप ओतणारी नको, बनवणारी पाहिजे.
राहुरीला फूड टेक शिकताना वाटायचं, कुठल्या तरी जॅमच्या कारखान्यात झाकणं तपासत बसेन. इथे मागच्या खोलीत माझा स्वतःचा ओटा, काटा, सामू (pH) मोजायचं यंत्र. खिडकीसुद्धा.
मी दारू पीत नाही, हे आधीच सांगून टाकलं. "मग तुझी जीभ शाबूत असेल," म्हणाल्या.

९ फेब्रुवारी
घरी फोन. वस्तीवर रेंज येते ती बाभळीखाली, म्हणजे आप्पा लिंबोणीत असले तरच बोलणं. सगळं सांगितलं: नगरला नवीन बारमध्ये नोकरी लागली, पेयं तयार करायची. आप्पा म्हणाले, "कंचा बार?" म्हटलं, नवीन आहे, एप्रिलला सुरू होतोय. "मंजी हस्त बारच की. आपला बी एप्रिललाच येतोय."
मला वाटलं चेष्टा करतायत. हसले. तेही हसले. फोन कटला.
आईला तेच सांगतील. भीती तिचीच होती. इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी
लिंबाच्या साली साखरेत मुरवल्या. सकाळपर्यंत तेल सुटून साखर ओली, आणि वास... घराचा. आमच्या लिंबोणीचा. मग रस, मग थोडी मिरपूड. चौथ्या खेपेला जमलं.
विकी म्हणजे आमचा बारटेंडर, पुण्याहून आलाय. बाटली हवेत फिरवतो, झेलतो, आणि दर वेळी माझ्याकडे बघतो. आज एक सुटली. रिकामी होती म्हणून वाचला.

२२ फेब्रुवारी
रे.ता. आणि मी आज बराच वेळ बोललो. त्यांचं म्हणणं, नगरमध्ये बाईला बसायला जागा म्हणजे आइस्क्रीमचं दुकान नाहीतर देऊळ. मला हे पटलं. मी म्हटलं, मग न पिणाऱ्यांसाठीही पेयं तितकीच नटूनथटून आली पाहिजेत, तशाच ग्लासात. कोपऱ्यात बसून कोल्ड्रिंक नाही. लगेच हो म्हणाल्या. ती यादी माझ्याकडे.
खूप छान वाटतंय. लिहून ठेवते, म्हणजे पुढे खोटं म्हणता येणार नाही.

२ मार्च
गावाकडून शेजारच्या वस्तीवरच्या भानुदासतात्यांचा फोन. मला! "ताई, मृग बाराला पानी कधी तोडू? तुमच्या कंपनीत काय सांगत्यात?"
आधी कळेना. मग हळूहळू कळलं आणि ओट्यावरच बसले.
आमच्याकडे लिंबाच्या बहाराला सगळे बारच म्हणतात, आणि तो धरायला आधी झाडांचं पाणी तोडतात. मृग बार, हस्त बार, आंबे बार. आप्पांनी ९ तारखेला चेष्टा केलीच नव्हती. त्यांना वाटलंय, मी फळांच्या कंपनीत बार सांभाळते. ते त्यांनी चावडीवर सांगितलंय, दूध घालताना सांगितलंय. आईने तर हळदीकुंकवात सांगितलंय.
तात्यांना म्हटलं, विचारून सांगते. कोणाला विचारू?

३ मार्च
आप्पांना फोन करून नीट सांगितलं. बार म्हणजे तो बार. दारूचा. पाण्याच्या मोटारीच्या आवाजात दोनदा सांगावं लागलं. मग खो खो हसले. खोकला लागेपर्यंत.
"तुज्या आईला तू सांग. म्या न्हाई."

४ मार्च
झोप नीट नाही.
मी नववीत होते तेव्हा गावात दारूच्या दुकानावर मतदान झालं, फक्त बायकांचं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. आई वस्त्या वस्त्या हिंडली. तोवर ती कोणासमोर दोन वाक्यं बोललेली मला आठवत नाही. भिंतींवर गेरूने आडवी बाटली काढली ती मी, चित्रकला बरी म्हणून. दुकान बंद झालं. मामा त्याच्या आदल्या वर्षी दारूपायी गेले होते. त्यांच्या फोटोला आई अजून स्वतः हार घालते, दुसऱ्या कोणाला घालू देत नाही.
तिने नको म्हटलं तर मी सोडेन का? मला माहीत नाही. तिच्या मनाविरुद्ध इथे रोज येणं जमणार नाही, एवढं माहीत आहे. आणि सोडवतही नाही.

८ मार्च
घरी जाऊन आले. आई शेंगा फोडत होती. सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. न पिणाऱ्यांची यादीही सांगितली. ती फोडतच राहिली.
शेवटी म्हणाली, "मंजी उभी बाटली."
मीही शेंगा फोडायला घेतल्या.
"सुरू कवा होनार?"
"एप्रिलमध्ये."
"यीन बघाया. तवर कुनाला हो बी म्हनत न्हाई, न्हाई बी म्हनत न्हाई."
निघताना पिशवीत शेंगदाण्याची चटणी घातली, नेहमीएवढीच. ते बरं लक्षण धरावं का?

१५ मार्च
पाटीवर नाव काय टाकायचं यावर रे.ता. आणि विकीचं महिनाभर चाललंय. सगळी नावं इंग्रजी. आज जेवताना मी तात्यांच्या फोनची गोष्ट सांगितली. विकी हसून टेबलाखाली. रे.ता. हसल्याच नाहीत. पेन काढून पेपरच्या कडेला लिहिलं: हस्त बार.
"बहार लिहू का शुद्ध?" मी विचारलं.
"तुझे आप्पा काय म्हणतात?"
"बार."
"मग बार."

३० मार्च
ओळखीच्यांना बोलावून चाचणी. छान झाली! चिंच-गूळ सगळ्यांना आवडलं, आवळा कोणालाच नाही (कडवट. सामू बरोबर, चव चूक. पुन्हा करणे). आमचे सुतार शिंदेकाका नवा शर्ट घालून आले. लिंबाचा ग्लास हळूहळू संपवला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "म्याडम, लई भारी. पन याच्यात दारू कुठंय?" म्हटलं, काका, तुम्ही माझ्या यादीतला घेतलात. त्यात नाही. पुरता फसल्यासारखा चेहरा. मग म्हणाले, "मग अजून एक आना."
हे आईला सांगायचं.

११ एप्रिल
आज उद्घाटन संध्याकाळी. आई सकाळीच आली, अर्ध्या तिकिटात, एसटीने, मांडीवर लिंबांचं पोतं. आप्पांनी निवडून दिलेली, सगळी एकसारखी पिवळी. हस्त बाराची.
खाली उभी राहून पाटी वाचली. "नाव तरी खरं हाय."
वर आली. रे.ता.नी खुर्ची दिली, बसली नाही. ओटा बघितला, फ्रीज उघडून बघितला, माझ्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. मग पुढे काउंटरपाशी. मागच्या फळीवर विकीच्या सगळ्या बाटल्या, ओळीने, उभ्या. त्यांच्याकडे बघत राहिली.
मी लिंबाचा ग्लास दिला. प्यायली. "मिरी घातली व्हय." म्हणजे आवडलं. वाईट असतं तर मीठ मागितलं असतं.
मग रे.ता.ना विचारलं, "ज्याला घरी जाता यीना, त्याचं काय करता?"
त्या म्हणाल्या, तिथवर पोचायच्या आधीच आम्ही देणं थांबवतो. रिक्षाही बोलावून ठेवतो.
"आमचा दुकानदार बी असंच म्हनायचा."
रे.ता.नी पुन्हा खुर्ची पुढे केली. मग म्हणाल्या, "तर मग तुम्ही मधूनमधून येऊन बघत जा, मावशी." आईने पदर सावरला. आणि बसली.
तिला स्टँडवर सोडून परत आले तर विकी ओरडतोय, फळीला हात कोणी लावला. वरच्या ओळीतली एक बाटली, मधोमध, आडवी. झाकण घट्ट. थेंब सांडला नव्हता. निघताना तिला परत द्यायचा चटणीचा डबा शोधायला मी मागे गेले होते, तेवढ्यातच.
"राहू दे," मी म्हटलं. विकी तोंड उघडणार, तेवढ्यात रे.ता.ही म्हणाल्या, राहू दे.

१२ एप्रिल
काल भरपूर माणसं. दोन टेबलं नुसत्या बायकांची, त्यातल्या एकावर सासू-सून! माझी यादी अर्ध्याहून जास्त टेबलांवर गेली. पाय सुजलेत. खूश आहे.
एका पाहुण्याने विचारलं, ती बाटली पडलीय का. विकी माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, पडली नाही, एक मत पडलंय. त्याला काही कळलं नाही.
दुपारी आईचा फोन. आप्पांना बाजूला सारून बाभळीखाली ती स्वतः. गर्दी कितीची, भांडण झालं का, कोणी पडलं का, सगळं विचारून घेतलं. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. नोकरीचं काहीच बोलेना, आणि मला विचारवेना.
ठेवता ठेवता म्हणाली, "ती अजून आडवीच हाय न्हवं?"
"आडवीच आहे."
"कुनाला उभी करू दिऊ नको." मग जरा थांबून, "लिंबं पुरली का? बुधवारी आनिक लावून देते."