पळालेली रेचोतो

नेग्रार, ३१ मार्च १९५८

प्रिय देल्फिना,

इकडे सगळं ठीक आहे. बाबांचा खोकला उतरलाय, बदामाला मोहोर आलाय. तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग.

सहकारी संघाच्या सभेत असते तर ‘अन्सेल्मोच्या मुलींनो!’ अशीच सुरुवात केली असती. सभेला आपण दोघीच आहोत, तरी गाऱ्हाणं मोठं आहे. उन्हात पिकलेले द्राक्षघडांचे वरचे कान, ते खांद्यावरचे गोड झुपके, आपण खुडले. माळ्यावर बोरूच्या चटयांवर ते सुकायला पसरून हिवाळाभर बुरशीचा एकेक मणी आपण वेचून टाकला. पण गावानं पेला उचलला की नाव बाबांचं.

आणि नाताळात त्याच बाबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, “ईस्टरच्या जेवणाला दोघींपैकी जिची गोड रेचोतो वाईन माझ्या जिभेला पटेल, वरचा मळा तिचा.”

“देल्फिना तर त्या कडू वाईनवाल्यांच्या घरात गेली,” काका हसले.

“गेली तर गेली. हात आईचा आहे तिचा.”

मी बाबांच्या शेजारी बसले होते. बारा वर्षं मी त्यांचं तळघर सांभाळतेय.

तर मागच्या मंगळवारी संघाची सभा झाली. मी व्यापाऱ्यांवर तुटून पडले. रोजची हलकी लाल, पिळलेल्या द्राक्षांच्या सालांवरून पुन्हा फिरवलेली दमदार, सणाची गोड, या तिन्ही आपल्या दरीच्याच. पण यांना हवी फक्त कडू! मी गरजले, “रेचोतो ही या दरीची आई आहे! आणि तुमची ती कडू म्हणजे घरातून पळालेली पोर!”

काय टाळ्या पडल्या! खाली बसले, तर आपला तळघरातला गडी झेफिरिनो कानाशी लागला. “बाई, जरा हळू. आपलीही पळालीय.”

तळघरात नेऊन त्यानं पेला हातात दिला. साखरेचा टिपूस नाही. ईस्टरसाठी राखलेलं पिंप आतल्या आत आंबत, उकळत राहिलं आणि सगळा गोडवा स्वतःच खाऊन बसलं. दुसरं पिंप नाही.

दोनच दिवसांनी तुझ्या सहा बाटल्या आल्या. निरोप असा: “बाटल्यांवर नावाची चिठ्ठी लावलेली नाही. तुझी म्हणून ओत. मी येत नाही.”

तुला कुणी कळवलं, हे विचारायची गरजच नव्हती. झेफिरिनोला फैलावर घेतलं तर उलट मलाच म्हणाला, “मग काय करू? सणाच्या दिवशी म्हाताऱ्याचं तोंड कडू करू?”

काल एक बाटली उघडली. स्वयंपाकघरात, उभ्याउभ्याच. आधी मुरलेल्या चेरीची चव, मग मध, आणि सगळ्यात शेवटी ती बारीकशी तुरट रेघ, जी आईच्या हाताला होती आणि मला एकदाही साधली नाही. तुला साधली. कडूवाल्यांच्या तळघरात, एका कोपऱ्यातल्या पिंपात!

कौतुक वाटलं म्हणू? नाही वाटलं. बाटली मोरीत उपडी करावीशी वाटली. मग मोठ्यानं म्हणून पाहिलं, “बाबा, ही माझी.” वाक्य झकास बसलं. बोलण्यात मी कधी कमी पडले?

पण नंतर काय, ते डोळ्यांसमोर आलं. वरचा मळा माझा, आणि दर हंगामात त्या वेलींखाली कात्री घेऊन उभी राहिले की आठवणार तुझं औदार्य. रूप तुला मिळालं, नवरा भला मिळाला, आईचा हात मिळाला. आता मनाचा मोठेपणाही तूच घेणार? काहीतरी माझ्यासाठी शिल्लक ठेव ना, बाई!

तू जिंकलीस तर जळेन. पण तू मुद्दाम हरलीस तर मला श्वास घेता येणार नाही. मळ्यासाठी मी तुझ्याशी भांडेन. तो तुझ्याकडून भीक म्हणून घेणार नाही.

म्हणून उरलेल्या पाच बाटल्या झेफिरिनोबरोबर परत पाठवतेय. मी टेबलावर माझीच वाईन ठेवणार, आणि ती पळाली हे बाबांना माझ्या तोंडानं सांगणार. त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

रविवारी चर्चमधून सरळ घरी ये. बाटल्या घेऊन ये. बाबांचा पेला तू स्वतःच्या हातानं भर. माझ्याकडून शाबासकीची वाट मात्र पाहू नकोस. ये आणि ओत.

तुझ्यावर जळणारी, तुझी थोरली बहीण,
एर्सिलिया