पंखाखालचं ठिगळ

पेडगाव

प्रिय हरिओम,

सहा वर्षांनी तुझा मेसेज आला आणि त्यात कशी आहेस एवढंही विचारलेलं नव्हतं. थेट काम. पुण्याच्या स्पर्धेत तुझं नॅट विमानाचं मॉडेल शेवटच्या फेरीत गेलंय, त्याच्या डाव्या पंखावरच्या वेगळ्या रंगाच्या पत्र्याला पुरावा काय, असं परीक्षक विचारतायत, तर माझ्या वडिलांनी तुला हे तोंडी सांगितलं होतं अशा दोन ओळी मी लिहून द्याव्यात. 'तोंडी' हा शब्द तू मुद्दाम घातलास. मी तो तीनदा वाचला. फोनवरही उत्तर देता आलं असतं, पण मला सविस्तर बोलायचंय आणि मध्ये तुझं बोलणं नकोय.

कॉलेजात असताना तू जिंतूरहून एसटीनं परभणीला यायचास, आणि रविवारी आमच्याकडे पेडगावला. माझे बाबा वायुसेनेत फिटर होते, एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी नॅटची डागडुजी केली, हे कळल्यापासून तू आमच्या ओट्यावरून हलायला तयार नव्हतास. आपण तिघं मिळून तळहातावर मावणारी विमानं चिकटवायचो. किटच्या डब्यावरचं चित्र बघून बाबा हसायचे. हे विमान हळद लागलेल्या नवरदेवासारखं दिसतंय, खऱ्याच्या पोटाला तेलाचे ओघळ असतात म्हणायचे. मग चष्मा लावून वही काढायचे आणि कुठल्या विमानाचा कुठला पत्रा कधी बदलला ते वाचून दाखवायचे. वही मात्र कुणाच्या हातात देत नसत. मी त्यांची लेक, म्हणून त्यांच्या खांद्यावरून डोकावायची मुभा फक्त मला. आईनं वाढलेलं पिठलं तुझ्या ताटात गार व्हायचं, इतका तू त्या वहीकडे बघत बसायचास. मला तेव्हा तू त्यासाठीच आवडायचास, हेही आता लिहून टाकते.

त्यातलं एक विमान तुझ्या डोक्यात बसलं. त्याच्या पंखाचा पत्रा फाटला होता, नवा मिळेना, म्हणून बाबांनी मोडीत काढलेल्या विमानाचा पत्रा काढून लावला. त्याचा हिरवा वेगळा होता. रंगवायला वेळ नव्हता, तसंच ठिगळ घेऊन ते नऊ दिवस उडलं. कुठल्याही पुस्तकात ही गोष्ट नाही. एवढीशी माहिती मिळवायला मॉडेल करणारी माणसं वर्षानुवर्षं जुने फोटो भिंगाखाली धरून बसतात. तुला ती जेवणाच्या ताटासोबत मिळाली.

नंतर तू पुण्याला गेलास, मॉडेलवाल्यांत तुझं नाव झालं. बाबा सांगायचे, एकदा मी आणि आई बाजाराला गेलो असताना तू आलास आणि दोन दिवसांसाठी म्हणून वही नेलीस. आयुष्यात एकदाच त्यांनी ती कुणाला दिली. वर्षभरानं त्यांनी फोन करून मागितली, तेव्हा स्पीकर सुरू होता, मी शेजारीच होते. तू म्हणालास, "काका, तुमी मला वही दिलीच न्हाई की. नीट आठवून बघा." किती मायेनं म्हणालास. बाबांनी फोन ठेवला. मग त्यांनी धान्याच्या कोठ्या उपसल्या, आईची पेटी उपसली, शेजारच्या बायनाबाईच्या घरीसुद्धा जाऊन विचारून आले. चार महिने शोधत होते.

मागच्या दिवाळीत तुझा लेख वाचला. 'स्वतंत्र संशोधन' म्हणे. सोबत तू काढलेलं रेखाचित्र, ठिगळ डाव्या पंखावर, वरच्या बाजूला. मी आधी हसले, मग ते चित्र पुन्हा नीट बघितलं. हरिओम, ते ठिगळ उजव्या पंखाच्या खालच्या बाजूला होतं. बाबा विमानाखाली पोतं अंथरून उताणे पडायचे, आणि पोटावर वही ठेवून वर दिसेल तसं काढायचे. विमानाच्या नाकाकडे डोकं करून असं उताणं बघणाऱ्याला उजवा पंख डाव्या हाताला येतो. तू ते चित्र वरून काढलेलं समजलास. बाबा तोंडी बोलायचे तेव्हा नेहमी उजव्या पंखाचं पोट म्हणायचे, तू ऐकलंच नसशील. डावीकडे ठिगळ जगात एकाच ठिकाणी दिसतं, त्या वहीच्या पानावर. आणि ते पान समोर असल्याशिवाय ही चूक कुणालाही करता यायची नाही. बाबांना तसं पडलेलं बघून एका सोबत्यानं चिडवायला फोटो काढला होता, तो आईच्या पेटीत आहे. वर पंख, पंखाला गडद पत्रा, आणि विमानाचं नाक कुठल्या बाजूला आहे तेही स्पष्ट दिसतं.

तुला वेळेत सांगता आलं असतं. पत्रा काढून तू दुसऱ्या पंखाखाली लावला असतास आणि बक्षीसही घेतलं असतंस. म्हणून मी थांबले. काल मॉडेलं काचेत बंद झाली, आता त्यांना हात लावता येत नाही, हे मी फोन करून विचारून घेतलं. त्या फोटोची प्रत आणि सहा पानांचा खुलासा आजच परीक्षकांना पाठवला. वही कुठे आहे हे ते तुला मंगळवारी शेवटच्या फेरीत विचारतील. त्यांनी तुझं काही केलं नाही तरी मॉडेलवाल्यांत तुझ्या शब्दाला किंमत उरणार नाही, आणि तेवढंच मला हवंय. तुला न कळवताही हे झालं असतं, पण मग तू परीक्षकांना शिव्या घातल्या असत्यास. हे मी केलं हे तुला कळावं, म्हणून पत्र. शेवटच्या आजारात बाबा उशी चाचपायचे आणि म्हणायचे, "पोरी, बघ की गं, इथंच आसंल." एके दिवशी मी चिडून म्हणाले, "बाबा, बास करा, तुमचं डोकं चालंना आता." त्यानंतर त्यांनी वहीचं नाव काढलं नाही, आणि आठवड्यात गेले. आपलं डोकं फिरलंय असं समजून गेले, कारण मी त्यांच्यापेक्षा तुझ्यावर विश्वास ठेवला. माझी शिक्षा मी रोज भोगते. तुझी मंगळवारी, सगळ्यांसमोर.

पंडित फिटरची लेक,
संघप्रिया