राष्ट्रीय कलावंत, मुक्काम गंगाखेड

५ जानेवारी
व्हॉट्सॲपवर मेसेज. जिथं बी.ए. केलं त्या जेझुइट फादर लोकांच्या विद्यापीठाचा अमृतमहोत्सव. कलावंत माजी विद्यार्थ्यांचा गौरव. आपली उपस्थिती प्रार्थनीय. म्हणजे मीच. गॅदरिंगचे पडदे तीन वर्षं कोणी रंगवले? उशिरा का होईना, फादरांना आठवण झाली. मेसेज सगळ्या ग्रुपला आलाय, पण मोठ्या संस्था असंच कळवतात.

६ जानेवारी
बायकोला सांगितलं. बबिता म्हणाली, शाळेत ड्रॉइंग शिकवता तुमी, कलावंत कवा झाले? फोन करून इचारा तरी. गौरवमूर्तीनं विचारणं शोभत नाही.
संकल्प : रोज एक चित्र. कॅनव्हास आणायला गेलो. दुकान बंद.

९ जानेवारी
स्वतःहून गावभर सांगणं बरं दिसत नाही. म्हणून एसटी स्टँडवर फ्लेक्स लावला. ‘राष्ट्रीय कलावंत सिद्धोधन सरांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : समस्त मित्रमंडळ.’ डिझाइन माझंच. मित्रांचे फोटो टाकले, विचारायचं तेवढं राहिलं. शेजारच्या दत्तरावचा फोटो सगळ्यात मोठा. तो आता फ्लेक्स आपणच लावला म्हणून सांगत फिरतोय.

१२ जानेवारी
फ्लेक्सची बातमी ऐकून आई राणीसावरगावहून आली. म्हणाली, मला वाचता येत न्हाई, पर तुझं तोंड वळखलं. सोबत येणार म्हणते. लेकाच्या अंगावर शाल पडताना बघायचीय. नाही कसं म्हणणार?
चित्र : एकही नाही. प्रवासाची तयारी.

१८ जानेवारी
सोहळा. पहिल्या रांगेत बसलो. बिल्लेवाल्या मुलीनं नम्रपणे उठवून मागं खांबाआड बसवलं. नावं सुरू झाली. सिनेमावाले, शिल्पकार, गायिका. दर नावाला आई उठायची, मी हात धरून खाली बसवायचो. मग राष्ट्रगीतच झालं.
जेवताना आईनं एका म्हाताऱ्या फादरांना गाठलं. माझ्या लेकाचं नाव घ्यायचं राहिलं जी, म्हणाली, लय भारी चित्रं काढतो. फादर मनापासून म्हणाले, अरे वा, एखादं दाखवा की. मोबाइल काढला. त्यात फक्त फ्लेक्सचा फोटो होता. चार्जिंग संपलंय म्हणालो. इतकी लाज कधी वाटली नव्हती.

१९ जानेवारी
परतीच्या गाडीत आईनं शिदोरी सोडून भाकरी पुढं केली. तिला काही कळलं नसावं, असं मी धरून चाललो.
गंगाखेड स्टेशनवर दत्तराव, निम्मी शाळा आणि हलगी. बबिता मात्र लांब उभी. खरं सांगून टाकायचं ठरवूनच उतरलो होतो. घसाही खाकरला. तेवढ्यात आई पुढं झाली. म्हणाली, झाला की सत्कार! लय मोठा झाला. टाळ्या थांबंनात.
रोज सकाळी पंचशील म्हणणारी माझी आई, शंभर माणसांसमोर, माझ्यापायी खोटं बोलली.
दत्तरावनं हार पुढं केला. मी घालून घेतला.